परेरामावशी आणि सिसिलीची डबी

परेरामावशी माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, दातांकडे बघतात. तुम्ही "नमस्कार मावशी" म्हणेपर्यंत तुमची वरची पंगत त्यांनी मोजलेली असते, आणि "बरं आहे ना?" म्हणालात की खालचीही मोजून होते. मग त्यांचा हात पर्सकडे जातो. पर्समधून किल्ल्यांच्या जुडग्यासारखं काहीतरी निघतं, फक्त त्याला किल्ल्यांऐवजी दात लटकलेले असतात. खोट्या दाताचा रंग खऱ्याशी जुळवायला दंतवैद्यांकडे नमुन्याच्या दातांचा असा जुडगा असतो, त्याला शेड गाइड म्हणतात. मावशी रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. दवाखाना गेला, खुर्ची गेली, पण शेड गाइड काही सुटलं नाही.

आम्ही कार्डिफला राहायला आलो त्याच आठवड्यात त्या शेजारच्या दारातून आमच्या दारात आल्या, वालाच्या बिरड्याचा डबा घेऊन. माझी बायको मृणाल आनंदाने रडायच्या बेतात होती. परदेशात शेजार मराठी, आणि वर बिरडं! मी स्वागताला तोंडभर हसलो आणि तिथेच फसलो.

"मोठ्ठं तोंड!" मावशी म्हणाल्या.

मी उघडलं. का उघडलं ते आजतागायत मला कळलेलं नाही. मी पुण्याचा. इतक्या हुकमी आवाजात मला कुणी "श्वास घे" म्हटलं असतं तरी मी आधी कारण विचारलं असतं. मावशींनी जुडगा माझ्या ओठांशी धरला, एकेक नमुना लावून बघितला आणि निकाल दिला, "ए थ्री पॉइंट फाइव्ह. चहा किती पितोस?"

"दोन कप."

"हे सकाळी दहापर्यंतचं झालं. पुढचं सांग."

मृणालला त्या दिवसापासून हक्काचा साक्षीदार मिळाला. माझ्या चहाविषयी, सिगरेटविषयी, लग्नांतल्या पानांविषयी घरात जे जे वाद होते ते सगळे मावशींच्या कोर्टात गेले आणि मी ते सगळे हरलो.

कार्डिफमधल्या निम्म्या लोकांचे दात आपण भरले आणि उरलेल्यांचे काढले, असं मावशी सांगतात. त्यात फारशी अतिशयोक्ती नसावी. त्यांच्याबरोबर बसमधून जाताना मी बघितलंय, धिप्पाड वेल्श आजोबा त्या चढल्या की तोंड मिटून खिडकीबाहेर बघायला लागतात. "तो बघ, माझी रूट कॅनाल," असं म्हणून मावशी त्यांना लांबूनच हात करतात. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. दाढा राहतात.

त्या मूळच्या ठाण्याच्या टिपणीस. लग्न केलं वसईच्या विल्फ्रेड परेरांशी. विल्फीकाका जहाजावर इंजिनियर होते आणि कार्डिफच्या बंदरात नोकरी लागल्यावर इथेच राहिले. मी त्यांना बघितलेलं नाही, आम्ही यायच्या आधीच ते गेले. मूलबाळ नाही. मावशींच्या घरात एकाच फळीवर गणपती आणि मदर मेरी शेजारी शेजारी आहेत आणि दोघांत मिळून एकच उदबत्ती लागते. "धूर काय, घ्यावा वाटून," मावशी म्हणतात. दिवाळीला त्या खाजाचे कानवले करायला घेतात ते नाताळलाच थांबतात. मधल्या काळात त्यांच्या गल्लीत सगळ्या वेल्श कुटुंबांचा एकच नाश्ता असतो. दात नीट राखा म्हणून बजावायचं आणि वर पिठीसाखर घातलेले कानवले वाटायचे, ही विसंगती मी एकदा त्यांना दाखवून दिली. "अरे, मग धंदा कसा चालला असता माझा?" त्या म्हणाल्या.

विल्फीकाका गेल्यावर मावशी दर बुधवारी एका म्युझियममध्ये स्वयंसेवक म्हणून जायला लागल्या. म्युझियम म्हणजे फार मोठं काही नाही. कुणा कोळशाच्या खाणमालकाने म्हातारपणी जगभरातून जमवलेल्या वस्तू त्याच्याच बंगल्यात मांडलेल्या आहेत. खाली घड्याळं, वर चिनी मातीची भांडी, आणि जिन्याच्या वळणावर एका काचेत ती डबी.

डबीविषयी मला सांगायलाच हवं, कारण तिच्याविषयी काही माहीत नसताना मावशींच्या शेजारी राहताच येत नाही. आपल्या जेवणाच्या डब्याएवढी पेटी, वर कौलारू घरासारखं उतरतं झाकण, पितळेच्या पट्ट्या आणि कडी. सगळी हस्तिदंती. आठ-नऊशे वर्षांपूर्वी सिसिली बेटावर केलेली. त्या बेटावर आधी अरबांचं राज्य होतं, मग उत्तरेकडून ख्रिस्ती राजे आले. राजे बदलले, पण हात त्याच कारागिरांचे राहिले. त्यामुळे डबीच्या अंगावर सोनेरी, तांबड्या, निळ्या रंगात जी चित्रं आहेत त्यांत सगळी सरमिसळ आहे. दोन मोर समोरासमोर, एक ससा, वीणेसारखं काहीतरी वाजवणारा पगडीवाला, त्याच्या बाजूला डोक्यामागे प्रभावळ असलेला ख्रिस्ती संत, आणि झाकणाच्या कडेने अरबी अक्षरांत शुभेच्छा. रंग बरेच उडालेत. कुणा नवरीच्या दागिन्यांसाठी केली असेल, म्हणतात. पुढे ती कुठल्याशा चर्चमध्ये गेली आणि तिच्यात एका संताची हाडं ठेवली. आता ती रिकामी आहे.

मावशी पहिल्यांदा तिच्यापुढे उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी मोर बघितला नाही, संत बघितला नाही. पर्समधून शेड गाइड काढलं आणि काचेला लावलं. सिक्युरिटीवाला धावत आला.

"मॅडम, प्लीज स्टेप अवे!"

"वन मिनिट, लव्ह. आय अ‍ॅम विथ अ पेशंट."

निकाल आला, ए फोर, म्हणजे त्या रांगेतला सगळ्यात गडद. "म्हातारा होता रे हत्ती," मला सांगताना मावशी हळहळल्या. "आणि चहा पिणारा. पण काम बघ काम! पातळ पातळ पत्रे कापलेत दाताचे, आणि दातालाच दाताच्या खिळ्यांनी जोडलेत. नऊशे वर्षं झाली. माझी कुठली कॅप वीस वर्षांवर टिकली नाही."

म्युझियममध्ये जुन्या वस्तूंची निगा राखणारी ग्वेन नावाची मुलगी आहे. मुलगी म्हणजे चाळिशीची, पण तिची दुधाची दाढ मावशींनी काढलेली, त्यामुळे ती मुलगीच. मावशी तिच्या खोलीत गेल्या आणि बघतात तो काय, टेबलावर सगळी दंतवैद्याची हत्यारं! बारीक आकडे, छोटे आरसे, कापसाच्या काड्या. नाजूक वस्तू साफ करायला हीच हत्यारं लागतात म्हणे. मावशींना माहेरी आल्यासारखं झालं. तेव्हापासून बुधवारी सकाळी त्या डबीसमोर उभ्या राहून लोकांना माहिती देत आणि दुपारी ग्वेनशेजारी बसून, तिच्या नजरेखाली, किरकोळ चमच्या-फण्यांवरची धूळ काढत. डबीला मात्र हात लावायचा नाही. तो फक्त ग्वेनने लावायचा.

डबीचं त्यांचं वेड मग इथल्या मराठी मंडळापर्यंत पोचलं. दिवाळीच्या कार्यक्रमात मावशींना पाच मिनिटं बोलायला दिली होती. बाहेर जेवणाची भांडी लागली होती, मटारभाताचा वास येत होता आणि मावशी मोराच्या डाव्या पंखावर होत्या. शेवटी मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद उठले. साताऱ्याचे, तब्येतीने खणखणीत. "मावशी, सगळं छान आहे," ते म्हणाले, "पण ही कला अरबांची की ख्रिश्चनांची ते एकदा नक्की सांगा. आणि आपल्या संस्कृतीतलं काही नाही का दाखवायला?"

मावशींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, अर्थात.

"तुमच्या तोंडात क्राउन जर्मनीचा," त्या म्हणाल्या, "ब्रिजचं मटीरियल जपानी, बसवलं मी, म्हणजे टिपणिसांची परेरा झालेल्या बाईने, आणि हिरड्या अस्सल साताऱ्याच्या. मघाशी चकली चावलीत ना? चावताना कुणाची संस्कृती ते नक्की केलंत?"

जेवणाच्या रांगेत ते गृहस्थ माझ्या पुढे होते. चकली त्यांनी घेतली नाही.

मी मावशींची थट्टा करतो, पण एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या बुधवारावर त्यांचा आठवडा उभा होता. मंगळवारी त्या साडीला किंवा कार्डिगनला इस्त्री करत, गुरुवारी आम्हाला सगळा वृत्तांत देत, शुक्रवारी तोच पुन्हा देत. म्युझियमचा गळ्यातला बॅज त्या घरातल्या खुंटीवर विल्फीकाकांच्या टोपीशेजारी अडकवत. "उद्या माझी ओपीडी आहे," असं म्हणताना त्यांचा आवाज दहा वर्षांनी तरुण होत असे. माणूस एकटा असला की त्याला कुणीतरी वाट बघणारं लागतं. मावशींची वाट ती डबी बघत होती, निदान मावशींचं तसं मत होतं.

आणि मग डबी निघाली एडिनबऱ्याला. तिथे अशाच डब्यांचं प्रदर्शन भरणार होतं. युरोपातून कुठून कुठून तिच्या बहिणी येणार होत्या. लेक सासरी निघाल्यासारखी मावशींची घालमेल सुरू झाली. "थंडी आहे तिकडे. काचेत ओलावा किती ठेवतात विचारलंस का ग्वेन?" ग्वेनने विचारलं होतं.

इथे मावशींचा आणखी एक नेम सांगितला पाहिजे. त्यांच्या डोळ्यांदेखत कुणी गावाला निघालं की त्या हातावर दही-साखर ठेवल्याशिवाय सोडत नाहीत. आपल्यात पद्धत आहेच, पण मावशींना त्याला धरबंध नाही. मी ऑफिसच्या कामाला साउथॅम्प्टनला निघालो की त्या वाटी-चमचा घेऊन थेट फुटपाथवर येतात आणि टॅक्सीच्या पुढे उभ्या राहतात. ड्रायव्हरलाही देतात, कारण तोही चाललाच आहे. बॉयलर दुरुस्त करणारा डॅरन एकदा बोलता बोलता सुट्टीला स्पेनला जाणार म्हणाला. बिचारा हातात दही घेऊन, याचं करायचं काय म्हणून, व्हॅनपर्यंत तसाच चालत गेला.

डबी पॅक करायच्या दिवशी बुधवार होता. मावशी ग्वेनच्या खोलीत होत्या. ग्वेनने डबी उघडून आतून-बाहेरून तपासली, फोटो काढले, आत काही नाही अशी नोंद करून सही केली. मग ती कोपऱ्यातला फोम आणायला वळली. तेवढ्यात मावशींनी पर्स उघडली.

दही नव्हतं. त्याचाही विचार त्यांनी केला होता. "दही अ‍ॅसिडिक, हस्तिदंताचं वाटोळं होईल," असं त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं. म्हणून खडीसाखरेचा एक खडा. कोरडा, स्वच्छ, धुवून पुसलेला. जन्मभर लोकांना गोड खाऊ नका म्हणून ओरडलेल्या बाईने झाकण दोन बोटांनी उचललं आणि हत्तीच्या दाताच्या पोटात साखर ठेवली.

एडिनबऱ्याला डबी उघडली तेव्हा काय झालं असेल याची मी आजही कल्पना करतो आणि हसतो. आत खडा! लगेच काम थांबलं. खड्याला चिमट्याने उचलून काचेच्या बशीत ठेवलं, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढले, आणि कार्डिफला ईमेल आली. एका विद्वानाला वाटलं, हा जुना स्फटिक असेल. दुसऱ्याला वाटलं, ऊद किंवा धूप. तिसऱ्याने तर म्हणे संताचा अवशेष कुठल्या तरी खाचेत इतकी वर्षं लपून राहिला असावा अशी शक्यता मांडली. पुढच्या बुधवारी म्युझियमभर हीच कुजबुज. मावशी हे ऐकत जिन्याच्या वळणावर रिकाम्या काचेसमोर उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या आणि मी दार उघडल्यावर माझ्या दातांकडे बघितलंच नाही. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

सगळं ऐकून मी आधी पोट धरून हसलो. मग मला त्यांचा चेहरा दिसला.

"खडा तपासायला देणार आहेत," त्या म्हणाल्या.

"मग कळेल साखर आहे ते. होऊ द्या की. कुणी ठेवली ते कुठे लिहिलंय त्याच्यावर? गप्प बसा तुम्ही, मावशी."

"आत काही नाही म्हणून सही ग्वेनची आहे. तिला विचारतायत, तू नीट तपासलं नाहीस का म्हणून. दुसऱ्यांची वस्तू खराब होऊ देणारी पोर असं नाव झालं तर तिच्या हातात पुन्हा कोण काय देईल?"

"आणि तुम्ही सांगितलंत तर तुमचा बुधवार जाईल."

"जाईल," मावशी म्हणाल्या. "किडलेला दात आधी काढायचा. रडायचं ते नंतर."

मृणालने त्यांना चहा दिला. त्यांनी तो साखर घालून प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशींनी म्युझियमला फोन करून खडा आपला असल्याचं कळवलं आणि मीटिंग त्याच दुपारी ठरली. "सोबत कुणाला आणायचं असेल तर आणा," असं म्युझियमने कळवल्यामुळे मी अर्धी रजा टाकून गेलो. डायरेक्टरबाई फार सभ्य होत्या. ब्रिटिश माणूस जितका जास्त सभ्य होतो तितकं प्रकरण गंभीर असतं, हे मला इथल्या नोकरीत कळलंय. "वी आर अ लिटल डिसअपॉइंटेड," असं त्या म्हणाल्या तेव्हा मी समजलो की आता फक्त जोडा मारायचा शिल्लक आहे. ग्वेन खाली मान घालून बसली होती.

मावशींनी एका दमात सगळं सांगितलं. खडा माझा, पर्स माझी, हात माझा. ग्वेनची पाठ होती, तिला काही माहीत नाही.

डायरेक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग अगदी जपून, अंड्यांवरून चालल्यासारखं विचारलं, "इज इट... अ रिलिजस थिंग, डॉक्टर परेरा?"

"नो," मावशी म्हणाल्या, "इट इज अ शुगर थिंग."

मला हसू दाबताना ठसका लागला. डायरेक्टरबाईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मग मावशींनी आपल्याकडची पद्धत सांगितली. इंग्रजीत ती फारच विचित्र वाटत होती. निघालेल्या माणसाच्या हातावर थोडं दही ठेवतात, साखर घालून. तो ते चाटतो आणि जातो. का? तर प्रवास नीट व्हावा, काम व्हावं, आणि त्याने परत यावं.

"पण ती वस्तू आहे," डायरेक्टरबाई म्हणाल्या. "तिला हात नाहीत."

"म्हणून तर आत ठेवली," मावशी म्हणाल्या. "शी वॉज गोइंग फार. बाय हरसेल्फ."

ग्वेनने वर बघितलं, तिचे डोळे भरले होते. पण डोळे भरले म्हणून नियम बदलत नाहीत, आणि बदलू नयेत. साखरेला ओलावा लागला असता तर नऊशे वर्षांचा रंग गेला असता, मुंग्या झाल्या असत्या, हे डायरेक्टरबाईंनी शांतपणे समजावलं आणि मावशींनी डॉक्टरसारखी मान डोलावली. ग्वेनवर ठपका येणार नाही. मावशींनी मात्र बॅज परत करायचा. पाहुण्या म्हणून त्या कधीही येऊ शकतात, सगळ्यांसारख्या, काचेच्या बाहेरून. मावशींनी गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली, त्यात अडकलेले केस सोडवले, बॅज टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "दॅट वॉज क्विक. नाइसली डन." वेदना न होता दात निघाला की पेशंट जसं डॉक्टरला म्हणतो, तसं.

बाहेर ऊन पडलं होतं. बसस्टॉपवर आम्ही दोघंच होतो. मी भडाभडा बोलत सुटलो. हे लोक कसे दगड आहेत, दुसऱ्या म्युझियममध्ये सहज घेतील, मी ईमेल टाकतो, मंडळातर्फे निवेदन देतो. मला भयंकर राग आला होता आणि तो नेमका कुणाचा ते ठरत नव्हतं.

"त्यांचं बरोबर आहे रे," मावशी म्हणाल्या. "मीच घाबरले. ती पेटी बंद होताना बघितली आणि वाटलं, हिला असंच कसं पाठवायचं?"

मग रस्त्याकडे बघतच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"मी विल्फीशी लग्न करायला इथे यायला निघाले ना, तेव्हा घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, सगळ्यांना सांगितलं होतं, तिची ती जातेय, जाऊ दे. बॅग मीच भरली. टॅक्सी मीच आणली. आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात वाटी. दही-साखर कालवलेली. चमचा वाटीवर वाजत होता. अण्णांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. ती तिथेच थांबली. मी चपला घालायला मुद्दाम वेळ लावला. खाली टॅक्सीतही, बॅग नीट बसत नाही म्हणून उतरले, परत चढले. वाटलं, येईल मागून. एवढी वाटी तर कालवली आहे."

"नाही आल्या?"

त्यांनी मान हलवली.

"पण मग नंतर गेलात तेव्हा?" मी विचारलं. "परत निघताना तरी..."

"अण्णा वारल्यावरच ठाण्याला गेले मी. पण आई त्यांच्या आधीच गेली होती."

बस आली. मावशी नेहमीप्रमाणे ड्रायव्हरला "हाय्या, लव्ह" म्हणून चढल्या, खिडकीशी बसल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. मी शेजारी बसलो. एरवी मला प्रत्येक गोष्टीवर बोलायला काहीतरी असतं, हे माझी बायको शपथेवर सांगेल. त्या वेळी मी नुसता हातातल्या तिकिटांच्या घड्या घालत बसलो. मला फक्त मावशींचा पर्सवरचा हात दिसत होता, ठाण्याहून निघताना रिकामा राहिलेला.

दोन स्टॉप गेल्यावर मावशी म्हणाल्या, "एवढी म्हातारी झाले, आणि अजून मला आईचा राग येतो. लाज वाटते रे सांगायला."

"राग नाही तो, मावशी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. पहिल्यांदाच, माझ्या डोळ्यांकडे.

"मग काय आहे?"

मावशी पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. बस पुलावर आली तशी त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "आठवण येते तिची. दुसरं काय असणार."